धाऊच्या टाकीतली जित्राबं

धाऊ निरगुडा चौदा वर्षं ज्या टाकीच्या काठावर उभा राहिला, त्या टाकीत कोणीतरी राहतं हे त्याला पंधराव्या वर्षी कळलं. आणि कळलं ते असं, की त्या दिवसापासून हा माणूस कधी स्वस्थ बसला नाही.

रसायनीत, पाताळगंगेच्या अलीकडे, रंगांना लागणारी रसायनं बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. त्याच्या पार मागच्या कुंपणाला, जिथं साहेबलोक सहसा फिरकत नाहीत, तिथं सांडपाणी स्वच्छ करायचा विभाग. कारखान्यातलं पिवळं-तांबडं पाणी आधी एका मोठ्या साठवणटाकीत जमतं आणि तिथून हवेच्या टाकीत येतं. हवेची टाकी म्हणजे शाळेच्या हॉलएवढा काँक्रीटचा हौद. तळाच्या नळ्यांतून ब्लोअर सतत हवा सोडत असतो आणि चहाच्या रंगाचं पाणी उकळल्यासारखं खदखदत असतं. त्याच्या पुढच्या टाकीत गाळ खाली बसतो आणि वरचं निवळ पाणी पुढं जातं. बसलेल्या गाळातला बराचसा हवेच्या टाकीत परत सोडायचा, उरलेला वाफ्यांवर वाळत घालायचा. एवढंच काम. दिसायला.

धाऊ तिथं पहिल्यांदा आला तो टाकी बांधायच्याही आधी, ठेकेदाराच्या माणसांबरोबर खड्डा खणायला. चौक गावाजवळ डोंगराच्या पायथ्याला त्याची वाडी. बाप गोमा कड्यावरचा मध काढण्यात पटाईत, पण धाऊला लहानपणापासून उंचीची भीती. पोरगा वर चढत नाही म्हटल्यावर बापानं त्याला खाली, खणायच्या कामाला लावलं. खड्डा झाला, टाकी झाली, ठेकेदार गेला, आणि धाऊ तिथंच राहिला. आधी झाडलोट, मग गाळ ओढणं, मग ब्लोअरची देखरेख. सातवीपर्यंत शिकलेला, त्यामुळं आकडे लिहिता येत. रोज सकाळी काचेच्या उंच मोजपात्रात टाकीतलं पाणी घ्यायचं, अर्धा तास ठेवायचं आणि गाळ कुठवर बसला ते वहीत लिहायचं. दर सोमवारी युरियाची गोणी फोडायची.

"युरिया कशाला टाकतात?" असं त्यानं सुरुवातीला जुन्या ऑपरेटरला विचारलं होतं.

"बॅक्टेरिया खातात," तो म्हणाला होता.

बॅक्टेरिया हा शब्द धाऊनं ऐकला आणि सोडून दिला. कारखान्यात असे पुष्कळ शब्द होते. पॅरामीटर, कम्प्लायन्स, बॅक्टेरिया. ते साहेब आले की बोलायचे असतात, असा त्याचा समज.

मग हर्षला आली. कर्जतच्या एका भाताच्या व्यापाऱ्याची मुलगी, जीवरसायनशास्त्र शिकलेली, वय पंचवीस. प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागली आणि आठवड्याभरात तिनं कपाटाच्या वरच्या खणातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं सूक्ष्मदर्शक खाली काढलं. ते आणल्यापासून कुणी उघडलंच नव्हतं. तिनं भिंगं पुसली, टाकीतल्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला, दोन मिनिटं बघितलं आणि खिडकीतून ओरडली, "धाऊदादा! लवकर या!"

धाऊला वाटलं, पाईप फुटला. धावत आला.

"इथं डोळा लावा."

त्यानं डोळा लावला. आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग तिनं बाजूचं चाक जरासं फिरवलं, आणि धुकं निवळावं तसं समोर काहीतरी उघडलं. तपकिरी ढगांचे पुंजके. त्या पुंजक्यांना देठ फुटलेले, आणि प्रत्येक देठाच्या टोकाला उलटी घंटा. घंटेच्या कडेला बारीक केस भिरभिरत होते. तेवढ्यात एका घंटेनं देठ स्प्रिंगसारखा गपकन आखडून घेतला, आणि पुन्हा हळूच लांब केला.

धाऊ मागं सरला. काचेकडं बघितलं. काचेवर नुसता थेंब. पुन्हा डोळा लावला.

"ह्ये... ह्ये जित्तं हाय?"

"जिवंत. तुमच्या-माझ्यासारखं."

"आन् ह्ये माझ्या टाकीत हाय?"

"या घंटा तर नुसत्या पाहुण्या," हर्षला म्हणाली. "खरं काम करणारे त्याहून शंभरपट लहान. ते तपकिरी ढग दिसतायत ना, ते सगळे तेच. एका थेंबात कोट्यवधी. कारखान्याची घाण तेच खातात. चौदा वर्षं तुम्ही सांभाळताय त्यांना."

धाऊनं तिसऱ्यांदा डोळा लावला. मग म्हणाला, "मॅडम, चौदा वर्सं मी जित्राबं राखली आन् मला कोनी सांगितलं नाय!"

जित्राबं म्हणजे गुरंढोरं. त्या दिवसापासून टाकीतल्या जिवांचं तेच नाव पडलं. पुढं पुढं प्रयोगशाळेच्या फळ्यावरसुद्धा हर्षला लिहायला लागली: आज जित्राबं ठीक.

घरी जाऊन त्यानं बायकोला, भागीला, सगळं सांगितलं. भागी चुलीपुढं बसली होती. नवऱ्याच्या कामाबद्दल तिचं मत काही बरं नव्हतं. कामावरून आला की आधी अंगणात अंघोळ, मग घरात पाय, हा तिचा नेम. "घान पान्यात किडं पडलं, त्यात नवल काय?" ती म्हणाली.

"किडं नाय गं! घंटा हायती. देठावर!"

"मंग पूजा करा त्यांची," म्हणून तिनं भाकरी उलटली.

पण धाऊच्या डोक्यातून ते जाईना. तो प्रश्नांवर प्रश्न विचारायला लागला. हर्षलालाही मजा यायला लागली. चारचा चहा ती ऑफिसात घ्यायची सोडून टाकीच्या कठड्यापाशी घ्यायला लागली. एकदा धाऊनं विचारलं, "त्यांचं अंग कशाचं असतंय?"

"तुमचं कशाचं आहे?"

"माझं? हाडामासाचं."

"आणि हाडंमास कशाचं?"

हर्षलानं खडूनं कठड्यावर लिहिलं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक. "मुख्य हे सहा. बाकी चिमूटभर इकडचं-तिकडचं. यातला कार्बन म्हणजे चार हातांचा गडी. चारही हातांनी दुसऱ्याला धरतो, दुसरा कार्बन आणखी कुणाला. साखळ्या होतात, कड्या होतात. साखर तशीच झालेली, तेल तसंच, मांस तसंच. तो समोरचा साग, तुम्ही, मी, टाकीतली जित्राबं, सगळ्यांचं सामान एकच. मांडणी वेगळी."

"आन् ह्यो आपला रंग? कारखान्याचं पानी?"

"त्यातही कार्बनच्याच कड्या. म्हणून तर ती खाऊ शकतात. त्यांच्याकडं बारीक बारीक कात्र्या असतात. विकरं म्हणतात त्यांना पुस्तकात. एक कात्री एकच प्रकारची कडी कापते. कापलेल्यातलं थोडं जाळून ती ताकद मिळवतात, त्यालाच ऑक्सिजन लागतो, आणि थोड्यातून स्वतःचं अंग बांधतात."

धाऊनं चहाचा पेला खाली ठेवला. खदखदणाऱ्या पाण्याकडं पाहिलं. "म्हंजे हितं सैपाक चाललाय, जेवनं चाललीत, बाळतपनं चाललीत..."

"दर काही तासांनी एकाचे दोन."

"आयला!" धाऊ म्हणाला, आणि लगेच जीभ चावली, कारण मॅडमसमोर तो असं कधी बोलत नसे. हर्षला हसून हसून बेजार झाली.

असे आठ महिने गेले. धाऊ आता आकडे नुसते लिहीत नसे, वाचत असे. टाकीत बुडवलेला ऑक्सिजनचा मीटर दोनच्या आसपास दिसला की म्हणायचा, "जेवायला बसलीत." गाळ बसायला उशीर लागला की थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाशी हजर.

गेल्या जानेवारीत एका रविवारी सकाळी सातला तो ड्यूटीवर आला, आणि कुंपणाच्या दारातच थबकला. वास नव्हता. टाकीला एक ओल्या मातीसारखा वास असायचा, पावसानं भिजलेल्या वावरासारखा. तो गेला होता. त्या जागी नाकाला झोंबणारं काहीतरी. पाण्याचा चहाचा रंग उडून राखाडी झालेला आणि वर पांढरा फेस, कठड्याच्या वर आलेला.

त्यानं पीएचचा कागद बुडवला. कागद लालभडक. तीनच्या खाली. म्हणजे आम्ल, आणि तेही जबरदस्त.

मागून प्रवीण आला. प्रवीण उत्पादनाचा मॅनेजर, खोपोलीचा, चाळिशीतला, माणूस वाईट नाही पण सदा घाईत. रात्रपाळीत कुणीतरी आम्लाच्या टाकीचा चुकीचा व्हॉल्व्ह उघडला होता आणि सगळं साठवणटाकीत न जाता गटारातून सरळ हवेच्या टाकीत आलं होतं. ते त्याला कळलं होतं, चेहरा उतरलेला होता. पण मीटरकडं बघून तो जरा सावरला.

"अरे धाऊ, ऑक्सिजन तर सात पॉईंट आठ आहे! रोज दोन असतो ना? मग हे चांगलंच झालं की."

धाऊनं मान हलवली. "सायेब, हवा रोजच्यासारखीच सोडतोय आपन. आक्सिजन वाढला कारन श्वास घेनारं कोनी ऱ्हायलं नाय."

प्रवीणनं खिशातून फोन काढला आणि हर्षलाला लावला.

हर्षला कर्जतहून कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आली. थेंब काचेवर ठेवला. घंटा होत्या, पण देठावर माना टाकलेल्या. हलत काहीच नव्हतं. ती खुर्चीत मागं टेकली. "आम्लानं त्यांच्यातलं प्रथिनच उसवलं, धाऊदादा. सगळ्या कात्र्या, सगळी अंगं प्रथिनांची. दुधात लिंबू पिळल्यावर कसं होतं..."

"म्हंजे टाकी नासली."

"नासली."

प्रवीणनं परिस्थिती सांगितली. हे पाणी असं बाहेर सोडता येणार नाही आणि तो सोडणारही नाही. कारखान्याचा वेग अर्ध्यावर आणला तर साठवणटाकी सहा दिवस पुरेल. तोवर टाकी चालू झाली नाही तर कारखाना बंद. तयार जिवाणूंची पावडर गुजरातमधून मागवली, तर ती यायला नऊ दिवस. "सहा दिवसांत काय होऊ शकतं?" त्यानं हर्षलाला विचारलं. हर्षलानं धाऊकडं बघितलं.

आणि इथून पुढं धाऊचं जे सुरू झालं, ते सांगताना आजही त्याचे हात हवेत नाचतात.

"शान!" तो म्हणाला. "शेनात असतील ना जित्राबं? मॅडम, तुमीच बोललात, जिथं कुजतंय तिथं ती असत्यात!"

"असतात. शेण, गूळ, युरिया, डीएपी. जुनी पद्धतच आहे," हर्षला म्हणाली, आणि कागद ओढून हिशेब करायला लागली. "पण आधी आम्ल मारायला पाहिजे. चुना. आणि हळूहळू, एकदम नाही."

रविवारचा आख्खा दिवस चुना कालवण्यात गेला. धाऊ आणि चार कामगार पिंपात चुन्याची निवळी करत होते आणि हर्षला दर पंधरा मिनिटांनी कागद बुडवत होती. लाल, मग नारिंगी, मग पिवळा. संध्याकाळी पाचला कागद पोपटी झाला, म्हणजे सात. जेवण कुणालाच आठवलं नव्हतं.

सोमवारी पहाटे धाऊ वाडीत घरोघर फिरला. "ताजं शान पायजे, वाळलेलं नगं, गवऱ्या घालू नका आज!" बायका हसायला लागल्या. भागीनं कपाळावर हात मारला. "कारखान्याला शान? यांनी रंगाचं सोडून सारवनाचं काम घेतलं का काय?" पण नवऱ्याचा चेहरा बघून ती उठली. पदर खोचला, आणि मग तिनंच वाडीतल्या बायका गोळा केल्या, खालच्या गावातल्या भातवाल्यांच्या गोठ्यांतून निरोप धाडले. दहा वाजता शेणानं भरलेला टेंपो कारखान्याच्या फाटकात उभा. पहारेकऱ्यानं आत सोडायच्या आधी गेटपासाच्या रकान्यात 'माल' म्हणून काय लिहायचं ते तीनदा विचारलं.

शेण पाण्यात कालवलं, गोणपाटातून गाळलं, टाकीत सोडलं. गुळाच्या ढेपा गरम पाण्यात विरघळवल्या. हर्षलानं वजनं सांगितली. "शंभराला पाच आणि एक. खाण्यातलं शंभर तर नायट्रोजन पाच आणि फॉस्फरस एक."

"गूळ जळनाला," धाऊ म्हणाला. "युरियानं अंग धरनार. डीएपी कशाला?"

"त्यातला फॉस्फरस. ताकद इकडून तिकडं न्यायला लागतो. आणि प्रत्येकाच्या पोटात लिहिलेलं असतं, आपल्यासारखा दुसरा कसा बनवायचा ते. ती लिहिलेली दोरी फॉस्फरसशिवाय विणता येत नाही. एकाचे दोन व्हायचे तर दोरीही दुप्पट पाहिजे ना?"

धाऊनं डीएपीची गोणी अशी उचलली जशी देवाची पालखी.

मंगळवार सकाळ. मीटर सात पॉईंट सहा. दुपार, सात पॉईंट सहा. पाणी तसंच गढूळ, शेणाच्या रंगाचं. प्रवीण तीनदा येऊन गेला. धाऊ कठड्यावर बसून होता आणि त्याला एक विचार टोचत होता. शेणातली जित्राबं गूळ खातील, बरोबर. गोड आहे. पण उद्या कारखान्याचं पाणी त्यांच्या पुढ्यात टाकलं तर? रानातल्या गाईला एकदम साखर कारखान्याची मळी घातली तर ती खाईल का? आपल्या जुन्या जित्राबांना चौदा वर्षांची सवय होती. त्यांच्याकडं त्या कड्यांच्या कात्र्या होत्या. तसली जित्राबं आता कुठून आणायची?

आणि तो ताडकन उठला.

वाफे! गेल्या बुधवारी, आम्ल यायच्या चार दिवस आधी, त्यानं स्वतः जास्तीचा गाळ वाफ्यांवर टाकला होता. वरून तो वाळून भेगाळला होता. धाऊ वाफ्यात उतरला, फावड्यानं पापुद्रा उलटला. खाली काळपट, ओला, लोण्यासारखा गाळ. त्यानं मूठभर उचलला आणि नाकाशी नेला. ओल्या वावराचा वास!

"मॅडम! मॅडऽऽम!"

हर्षला जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून आली. त्याच्या मुठीतल्या गाळाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. "ह्यांनी आम्ल पाहिलंच नाही," ती हळूच म्हणाली. मग दोघं प्रयोगशाळेकडं पळत सुटले. काच, थेंब, भिंग. पुंजक्यांच्या कडेला एक इवलासा ठिपका वळवळत गेला. मग दुसरा.

"जित्ती हायती!"

"जिवंत आहेत! धाऊदादा, जिवंत आहेत!"

तीनही वाफ्यांचा खालचा ओला गाळ त्या दुपारी आठ माणसांनी घमेल्यांनी टाकीत नेऊन ओतला. प्रवीणनं स्वतः बाह्या सरसावल्या. त्याचा पांढरा शर्ट पार काळा झाला आणि त्याचं त्याला भान नव्हतं. शेवटचं घमेलं ओतल्यावर धाऊनं साठवणटाकीचा व्हॉल्व्ह अगदी करंगळीएवढा उघडला. "थोडं थोडं चाटू दे. सवय ऱ्हायली पायजे तोंडाला."

बुधवारी सकाळी मीटर सहा पॉईंट नऊ. हर्षला म्हणाली, मीटरची चूक असू शकते. पण धाऊ जेवायलासुद्धा मीटरपासून हलला नाही. डबा तिथंच उघडला. दुपारी सहा पॉईंट एक.

गुरुवारी तो सातच्या पाळीला साडेपाचलाच आला. अजून उजाडलं नव्हतं. थंडीनं टाकीवर वाफ धरली होती. त्यानं मीटरच्या काचेवरचं दव पुसलं. तीन पॉईंट चार.

त्यानं पुन्हा पुसलं. तीन पॉईंट तीन.

बघता बघता तीन पॉईंट दोन. तो तिथंच उभ्या उभ्या टाळ्या पिटायला लागला. ब्लोअरच्या घरघरीत त्याच्या टाळ्या कुणाला ऐकू येणार? म्हणून मग ओरडायला लागला. "श्वास घ्येतायत! जित्राबं श्वास घ्येतायत!" रात्रपाळीचा पहारेकरी काठी घेऊन धावत आला, त्याला वाटलं साप निघाला. धाऊनं त्याला मिठी मारली. मग हर्षलाला फोन लावला. ती कंपनीच्या बसमध्ये होती. "मॅडम, तीन पॉईंट दोन!" बसमध्ये झोपलेली माणसं तिच्या किंकाळीनं जागी झाली, असं ती पुढं कबूल करते.

ऑक्सिजन कमी झाला म्हणून आनंदानं वेडा झालेला माणूस प्रवीणनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. आल्या आल्या त्यानं विचारलं, "म्हणजे झालं?"

"झालं कुठलं सायेब, आत्ता भूक लागलीय त्यांना! गूळ कमी करा, आपलं पानी वाढवा."

शुक्रवारी व्हॉल्व्ह दोन बोटं उघडला, शनिवारी चार. शनिवारी सकाळी धाऊनं मोजपात्र भरलं आणि काचेच्या अगदी जवळ नाक नेऊन बसला. आधी सगळं गढूळच. मग त्या गढुळात बारीक कण एकमेकांना धरायला लागले, कणांचे पुंजके झाले, आणि पुंजके बर्फ पडावा तसे (बर्फ त्यानं कधी पाहिला नव्हता, ही उपमा हर्षलाची) संथ खाली यायला लागले. अर्ध्या तासानं वर दोन बोटं निवळ पाणी उभं. दोनच बोटं, पण निवळ. पलीकडच्या भिंतीवरचं 'धूम्रपान निषिद्ध' त्यातून वाचता येत होतं. साठवणटाकीत तेव्हा जेमतेम अर्ध्या दिवसाची जागा उरली होती. कारखाना बंद पडला नाही.

बाहेर जाणारं पाणी चाचणीत पूर्णपणे पास व्हायला आणखी दोन आठवडे लागले, आणि तोपर्यंत एक थेंबही बाहेर गेला नाही. प्रवीणनं निवळलेलं सगळं पाणी नव्या पाण्याऐवजी कारखान्यातच धुण्या-थंड करण्याला फिरवलं, म्हणून साठवणटाकी भरून वाहिली नाही, आणि कारखाना अर्ध्याच वेगानं चालवला. त्या आम्लाच्या व्हॉल्व्हला आता कुलूप आहे, आणि गटारात पीएचचा मीटर, तो पाणी बिघडलं की भोंगा वाजवतो. सूक्ष्मदर्शकाखाली आधी वळवळणारे ठिपके वाढले, मग चपलेच्या आकाराचे, झपझप पोहणारे आले. पावडरीचा डबा गुजरातहून आला तेव्हा हर्षलानं तो न उघडताच कपाटात ठेवून दिला. देठावरची पहिली घंटा एकोणिसाव्या दिवशी दिसली. एकच. धाऊनं सगळ्या विभागाला रांगेनं ती दाखवली, अगदी कँटीनमधल्या आचाऱ्यालासुद्धा.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहाला कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवतात. दरवर्षी लोक पुढची बाग आणि अग्निशमनाची गाडी बघून, नाश्ता करून जातात. यंदा प्रवीणनं जाहीर केलं की मागचा विभागही बघायचा, आणि माहिती धाऊ सांगेल. धाऊला आदल्या दिवसापासून घाम. पण माणसं समोर उभी राहिल्यावर त्याचं तोंड जे सुटलं ते थांबेना. कार्बनचे चार हात त्यानं स्वतःचे दोन आणि हर्षलाचे दोन मिळून दाखवले. दुधात लिंबू पिळून दाखवलं. आम्लाचा दिवस सांगितला, आणि तीन पॉईंट दोनला आल्यावर लोकांनीच टाळ्या वाजवल्या.

भागी नवं लुगडं नेसून आली होती, मागं उभी. सगळ्यांच्या आधी हर्षलानं तिला हाताला धरून सूक्ष्मदर्शकाशी नेलं. भागीनं पदर सावरला, एक डोळा मिटला, दुसरा लावला. हर्षलानं चाक फिरवलं.

भागी वाकलेली तशीच राहिली. मागं रांग वाढत गेली, एका सुपरवायझरची बायको घसा खाकरायला लागली. धाऊ कुजबुजला, "भागी, बाकीच्यांना पन बघायचं हाय गं."

"थांबा जरा," भागी डोळा न हलवता म्हणाली. "एकीनं आत्ताच मान आत घेतली. ती बाहेर काढू दे."